आठ दिवसांचे मिशन
परदेशी जाणाऱ्या अल्पकालीन ख्रिस्ती सेवातुकड्यांच्या वादाचा आढावा

हिवाळा सरत आला की अमेरिकेतल्या अनेक प्रॉटेस्टंट घरांतून नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, आईवडिलांच्या सहकाऱ्यांना पत्रे जाऊ लागतात. मजकूर साधारण ठरलेला असतो. आमची मुलगी या उन्हाळ्यात चर्चच्या तुकडीबरोबर होंडुरासला (किंवा मेक्सिकोला, ग्वाटेमालाला, हैतीला) चालली आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा आणि जमल्यास खर्चाला हातभार लावा. जूनमध्ये पंधरा-वीस जण एकाच रंगाचे टी-शर्ट घालून विमानतळावर जमतात. तिकडे पोहोचल्यावर सकाळी विटा-सिमेंटचे काम किंवा शाळेच्या भिंतींना रंग. दुपारी मुलांसाठी व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे गाणी, बाहुल्यांचा खेळ, रंगीत कागदांची कलाकुसर आणि बायबलमधली एखादी गोष्ट. संध्याकाळी स्थानिक चर्चच्या मंडळीसमोर दुभाष्यामार्फत साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या अनुभवाचे कथन. शेवटच्या दिवशी बाजार, जमलेच तर समुद्रकिनारा. परतल्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये पडद्यावर छायाचित्रे दाखवली जातात आणि जाऊन आलेली मुले सांगतात, आम्ही द्यायला गेलो होतो, पण घेऊनच जास्त आलो.

शॉर्ट-टर्म मिशन म्हणतात ते हे. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध जे लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे ख्रिस्ती लेखकांनीच लिहिले आहे, आणि सर्वांत कठोर टीकाही बाहेरच्यांपेक्षा चर्चच्या आतूनच झाली आहे. त्यामुळे या वादाला मिशनविरोधी आणि मिशनवादी यांच्यातली झुंज म्हणता येत नाही. एकाच घरातल्या माणसांची ही कित्येक वर्षे चाललेली बोलाचाली आहे, आणि तिचा सूर वेळोवेळी बदलत गेला आहे.

किती मोठी गोष्ट

प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या एका सर्वेक्षणावरून अंदाज बांधला, की एका वर्षात अमेरिकेतल्या चर्चचे सुमारे १६ लाख सभासद अशा दौऱ्यांवर परदेशी जातात. प्रवासाचे दिवस वगळले तर मुक्कामाचा मध्यक आठ दिवसांचा निघाला. म्हणजे निम्मे लोक आठ दिवस किंवा त्याहून कमी राहतात. जाण्याचे ठिकाण बहुधा जवळचे आणि उबदार हवेचे असते: मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे. गरिबीच्या निकषावर हिशेब केला तर आफ्रिकेतल्या अनेक देशांचा क्रम आधी लागायला हवा. पण विमानाचे तिकीट आणि शाळेची सुटी यांचेही एक गणित असते.

इथे एक मर्यादा घालून घ्यायला हवी. मॉर्मन पंथाचे तरुण पूर्ण वेळ प्रचाराला जातात ते मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्षासाठी. काही कॅथलिक संस्था वर्षभराचे स्वयंसेवक पाठवतात. कोलकात्यात मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या घरांत जगभरातून माणसे येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही असतात. कपडे धुणे, रुग्णांना भरवणे अशी कामे ती करतात आणि जातात. या साऱ्यांचे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. पण वादाच्या केंद्रस्थानी आहे ती चर्चने काढलेली, काही दिवस ते काही आठवड्यांची, गटाने केलेली फेरी.

आयुष्यभराच्या पाचारणापासून उन्हाळी सुटीपर्यंत

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मिशनरी म्हटले की वेगळेच चित्र येते. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले, अमेरिकन मराठी मिशनचा पाया त्यांनी घातला आणि १८२६ मध्ये नाशिकच्या भागात फिरताना पटकीने वारले. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेचे रुग्णालय उभे करण्यात जवळपास चार दशके घातली. गोव्यात १५७९ साली आलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स इथेच राहिले, इथेच वारले, आणि मधल्या काळात मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहून गेले. या मंडळींच्या हेतूंविषयी, साम्राज्यसत्तेशी असलेल्या त्यांच्या संबंधांविषयी, धर्मांतराविषयी आपल्याकडे भरपूर भांडून झाले आहे आणि पुढेही होईल. पण भाषा शिकल्याशिवाय काम सुरू करायचे नाही आणि परतीचे तिकीट काढून यायचे नाही, हे त्या जुन्या पद्धतीत गृहीतच होते.

त्या पद्धतीलाही आतून तडे गेले होते. १९१० साली एडिंबरोला भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया या तरुण भारतीय ख्रिस्ती कार्यकर्त्याने गोऱ्या मिशनऱ्यांना ऐकवले, की तुम्ही त्याग पुष्कळ केलात, पण आम्हांला मित्रही हवे आहेत. हेच अझरिया दोन वर्षांनी अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. वसाहती स्वतंत्र होत गेल्या तशी ही तक्रार वाढली. केनियातल्या प्रेस्बिटेरियन चर्चचे नेते जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा काही काळ पूर्ण थांबवावा, अशीच मागणी केली. १९७४ मध्ये लुसाका इथे आफ्रिकेतल्या चर्चच्या परिषदेनेही तिला दुजोरा दिला.

गंमत अशी, की वसाहती स्वतंत्र होण्याच्या याच काळात अल्पकालीन दौऱ्यांनी मूळ धरले. जॉर्ज व्हर्वर हा अमेरिकन विद्यार्थी १९५७ च्या उन्हाळ्यात दोन मित्रांसह शुभवर्तमानाच्या प्रती घेऊन मेक्सिकोत गेला. त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संघटना निघाली. तिची ‘लोगोस’, ‘डूलोस’ ही पुस्तकांची जहाजे अनेक बंदरांत जाऊन आली. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केली आणि पदवी, दीक्षा, वर्षानुवर्षांची तयारी यांवाचून तरुणांना पाठवायला सुरुवात केली. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, अमेरिकी सरकारने स्वयंसेवकांना परदेशी पाठवणारी ‘पीस कोअर’ काढली. जेट विमाने आली होती आणि मध्यमवर्गाच्या हाती पैसा होता. दीर्घकाळ राहणाऱ्या मिशनरीला ‘पुरे, आता जा’ असे सांगितले जात असताना आठवड्याभराचा पाहुणा येऊ लागला, आणि त्याला बहुतेक ठिकाणी कोणी अडवले नाही. माझ्या मते या घटनेकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. पाहुणा सत्ता गाजवत नाही, खर्च स्वतःचा करतो आणि निघून जातो. यजमानाला त्याचा उपद्रव कमी वाटला असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

जाणाऱ्यांची बाजू

समर्थकांचे पहिले म्हणणे धर्मशास्त्रीय आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशूने शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जायला सांगितले. ही आज्ञा पगारी मिशनऱ्यांपुरती नाही, तर प्रत्येक विश्वासणाऱ्याला लागू आहे. ज्याला आयुष्य देता येत नाही, त्याने दोन आठवडे द्यावेत.

दुसरे म्हणणे माणूस घडवण्याचे. उपनगरात वाढलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्याच वयाच्या, बादलीने पाणी वाहणाऱ्या मुलाशेजारी बसून प्रार्थना केली, की त्याच्या मनातले जग विस्तारते. तो पुढे अधिक देतो, कमी उधळतो, त्या देशाबद्दल वाचतो, काही जण तर कायमचे मिशनरी होतात. व्हर्वर यांच्या पिढीत हे घडलेही.

तिसरे म्हणणे पैशाचे आहे, आणि टीकाकार त्याला सहसा नीट उत्तर देत नाहीत. विमानभाड्यापेक्षा तेवढे पैसे पाठवा, असे सांगणे सोपे. पण ते पैसे जमतात तेच मुळी कोणीतरी जाणार आहे म्हणून. शेजारच्या मुलीच्या प्रवासाला पन्नास डॉलर देणारी आजी अनोळखी संस्थेला तेवढे देईलच असे नाही. तेव्हा तुलना ‘तिकीट की घर’ अशी करण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा ती ‘तिकीट की काहीच नाही’ अशी असते.

शिवाय भेट ही गोष्टच काही मोलाची नाही का, असाही प्रश्न ते विचारतात. दूरच्या डोंगराळ गावातल्या तीस माणसांच्या मंडळीला कोणीतरी समुद्र ओलांडून भेटायला येते, याचे अप्रूप त्या मंडळीला असते. त्याचा हिशेब सिमेंटच्या पोत्यांत होत नाही.

इलिच यांचा नकार

या वादातला सर्वांत तिखट दस्तऐवज फार जुना आहे. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे, उन्हाळ्यात मेक्सिकन खेड्यांत काम करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर इव्हान इलिच बोलले. इलिच कॅथलिक धर्मगुरू होते आणि व्हिएन्नात जन्मलेले. न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन वस्तीत त्यांनी काम केले होते, आणि लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्यांना भाषा व समाज शिकवणारे केंद्र ते कुएर्नावाकात चालवत होते. चांगल्या हेतूंना सरळ नरकात धाडणारे शीर्षक त्या भाषणाला लाभले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तुम्हांला इथली भाषा येत नाही, त्यामुळे तुम्ही काय बिघडवता हेही तुम्हांला कोणी सांगू शकत नाही. तुम्ही नकळत अमेरिकन राहणीचे विक्रेते बनून येता. यायचे तर पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला येऊ नका.

आयोजकांनी त्यांना टीकाकार म्हणून मुद्दाम बोलावले होते, हे इथे नोंदवले पाहिजे. हे भाषण आजही स्वयंसेवकांच्या तयारीवर्गांत वाचायला दिले जाते आणि ते वाचून मुले दौऱ्यावर निघतात. इलिच यांचा नकार पचवून ही चळवळ चालूच राहिली, हा त्या भाषणाचा विजय की पराभव, हे ठरवणे कठीण आहे.

होंडुरासची घरे

इलिच तर्काने बोलले. मोजणी झाली ती बरीच नंतर. ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस ‘मिच’ चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो माणसे मारली आणि असंख्य घरे वाहून नेली. पुढच्या काळात एका होंडुरन ख्रिस्ती संस्थेने बेघरांसाठी घरे बांधली. त्यांतली काही उत्तर अमेरिकेतून आलेल्या तुकड्यांच्या हातांनी उभी राहिली, काही फक्त स्थानिकांनी बांधली. अशी जोडी अभ्यासकाला क्वचितच मिळते. होंडुरासमध्ये दीर्घकाळ राहिलेले, केल्विन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी ती पकडली. घर मिळालेल्या कुटुंबांना ते भेटले, येऊन गेलेल्या स्वयंसेवकांना प्रश्नावली पाठवल्या, आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले.

एका घराला खर्च सुमारे २,००० डॉलर. एका तुकडीचा येण्याजाण्याचा खर्च सुमारे ३०,००० डॉलर. कुटुंबांवर, त्यांच्या श्रद्धेवर, शेजारसंबंधांवर काय परिणाम झाला हे पाहिले, तर परदेशी हातांनी बांधलेले घर आणि स्थानिक हातांनी बांधलेले घर यांत फरक सापडला नाही. पाहुणे लोकांना आवडले होते. पण तेवढ्या पैशांत आणखी घरे झाली असती तर बरे, असेही त्यांना वाटत होते.

त्याहून बोचरा भाग पाहुण्यांविषयीचा होता. आपल्यात बदल झाला, आपण आता जास्त प्रार्थना करतो, जास्त देतो, असे अनेकांनी सांगितले. व्हर बीक यांनी मग पाठवणाऱ्या संस्थेच्या देणग्यांच्या नोंदी काढून पाहिल्या. सांगण्यात होती तेवढी वाढ तिथे दिसली नाही. माणसे खोटे बोलत होती असा अर्थ त्यांनी काढला नाही. परतल्यावर त्या बदलाला टिकवून धरणारे, विचारपूस करणारे कोणी नसेल तर तो विरतो, असे त्यांचे निदान होते.

शिकागोजवळच्या ट्रिनिटी सेमिनरीतले मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रीस्ट आणि त्यांचे सहकारी याच सुमारास जवळपास त्याच निष्कर्षाला पोहोचले: दौऱ्यामुळे परक्या संस्कृतीकडे पाहण्याची दृष्टी किंवा पैशाविषयीची वृत्ती आपोआप बदलते, या दाव्याला पुरावा कमजोर आहे. आणि लाखो तरुण जाऊन येत असताना कायमस्वरूपी मिशनऱ्यांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही. ‘माणूस घडतो’ या समर्थकांच्या सर्वांत आवडत्या मुद्द्याला बसलेला हा मोठा धक्का होता. तो टीकाकारांनी दिला नाही, दौऱ्यांबद्दल आस्था असलेल्या अभ्यासकांनीच दिला.

मदतीने होणारे नुकसान

२००९ मध्ये स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट या दोन इव्हँजेलिकल (शुभवर्तमानाच्या प्रसारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रवाहातल्या) अर्थाभ्यासकांचे ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ हे पुस्तक आले आणि वादाची भाषाच बदलून गेली. संकटानंतरची तातडीची मदत, त्यानंतरची सावरण्याची पायरी आणि पुढचा दीर्घ विकास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी मांडले. विकासाच्या जागी तातडीची मदत ओतली, की लोकांच्या हातचे काम जाते. त्यांचा दुसरा मुद्दा मानसिक आहे. गरिबाला गरिबी पैशाच्या टंचाईपेक्षा लाज आणि हतबलता म्हणून जास्त टोचते. आणि सगळे काही असलेली तरुण मुले त्याच्याच दारात येऊन त्याचीच भिंत बांधू लागली, की ती लाज वाढते. पाहुण्यांचा मोठेपणाही त्याबरोबर वाढतो.

अटलांटातल्या वस्त्यांत काम केलेले रॉबर्ट लप्टन यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात मेक्सिकोतल्या एका चर्चची हकिकत सांगितली आहे. एकाच उन्हाळ्यात सहा तुकड्यांनी ते सहा वेळा रंगवले. विनोद म्हणून ही हकिकत खूप फिरली. पण त्या चर्चच्या पाळकाच्या जागी बसून पाहिले तर त्याने केले ते शहाणपणाचेच होते. पाहुण्यांना हाताला काम हवे होते, भिंत तयार होती, आणि पाहुणे खूश राहिले तर पुढच्या वर्षी छपराचे पत्रे मिळण्याची आशा होती.

मानवशास्त्रज्ञ ब्रायन हॉवेल यांनी एका तुकडीबरोबर डॉमिनिकन रिपब्लिकला जाऊन वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. ‘ते गरीब आहेत, पण किती आनंदी आहेत’ हे वाक्य मुले परतल्यावर म्हणतात. पण ते निघण्यापूर्वीच्या बैठकांत, आधीच्या तुकड्यांच्या साक्षींत, पत्रांच्या नमुन्यांत आधीच रुजलेले असते. आपण पर्यटक नाही, हे स्वतःला पटवण्याच्या धडपडीत तिथल्या राजकारणाचे, मजुरीचे, इतिहासाचे प्रश्न विचारायचे राहून जातात.

मुले आणि औषधे

एका बाबतीत आता बऱ्यापैकी एकमत आहे. अनाथालयांना दिलेल्या अल्पकालीन भेटी, तिथे मुलांना मांडीवर घेणे, आठवडाभर लळा लावून निघून जाणे, यांचे समर्थन करणारे अभ्यासक आता कमीच उरले आहेत. सेव्ह द चिल्ड्रनच्या २००९ च्या अहवालानुसार संस्थांत राहणाऱ्या मुलांपैकी पाचांतल्या चारांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की पुन्हा पुन्हा जुळणाऱ्या आणि तुटणाऱ्या नात्यांमुळे लहान मुलांच्या भावनिक घडणीला इजा होते. कंबोडियात २००५ नंतरच्या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. देशात तेवढी अनाथ मुले वाढलेली नव्हती, परदेशी पाहुणे आणि त्यांचा पैसा वाढला होता. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या चर्चेत हा प्रश्न घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या ठरावात त्याची दखल घेतली. चर्चच्या वर्तुळातही मुलांना कुटुंबात परत नेण्यावर भर देणारे गट उभे राहिले आहेत.

वैद्यकीय तुकड्यांबाबत चित्र एवढे स्पष्ट नाही. दुभंगलेल्या ओठाची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकदाच करायची असते, आणि कुशल हात आठ दिवसांसाठी आले तरी तिचा फायदा आयुष्यभर होतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचे तसे नाही. महिन्याभराच्या गोळ्या देऊन तुकडी गेली, की रुग्ण पुन्हा पहिल्या जागी. शिवाय फुकट शिबिराच्या आठवड्यात गावातल्या डॉक्टरचा दवाखाना ओस पडतो. दान केलेल्या औषधांची मुदत पोहोचल्यावर किमान वर्षभर शिल्लक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बॅगेतून नेलेल्या नमुन्याच्या पाकिटांना ही तत्त्वे कोण लावून पाहणार? १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘मर्सी शिप्स’ने वेगळी वाट काढली. त्यांचे रुग्णालय-जहाज एकाच बंदरात अनेक महिने राहते. स्वयंसेवक दोन आठवड्यांचा असला तरी रुग्णाची देखभाल त्याच्यानंतरही सुरू राहते, आणि स्थानिक डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षणही बरोबरीने होते. कमी दिवसांची माणसे जास्त दिवसांच्या यंत्रणेत बसवायची, हा उपाय पुढे अनेकांनी उचलला.

कायदा, धोका आणि भारत

जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका चर्चच्या २३ स्वयंसेवकांना तालिबानने काबूल-कंदाहार रस्त्यावरून पळवले. दोघांना ठार केले. उरलेले ऑगस्टअखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने सुटले. कोरियात त्यानंतर चर्चवर जी टीका झाली ती अमेरिकेतल्या टीकेपेक्षा वेगळी होती: एका मंडळीच्या उत्साहाची किंमत साऱ्या देशाने का मोजावी? जानेवारी २०१० मध्ये हैतीतल्या भूकंपानंतर आयडाहोतल्या एका बाप्टिस्ट गटाच्या दहा जणांना ३३ मुले कागदपत्रांविना सीमेपार नेताना अटक झाली. त्यांतल्या कित्येक मुलांचे आईवडील जिवंत निघाले.

आपल्या भागात हा प्रश्न कायद्याच्या दाराने येतो. नेपाळच्या २०१७ च्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे. भारतात पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. मिशनऱ्यांसाठी व्हिसाचा वेगळा प्रकार आहे. परदेशी मिशनऱ्यांवरच्या अधिकृत संशयाचा इतिहासही जुना आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ मध्येच, धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस केली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावर मारला गेलेला अमेरिकन मिशनरी तरुण जॉन ॲलन चाऊ पर्यटक म्हणून आला होता. त्याला अल्पकालीन म्हणता येणार नाही, तो तिथे राहायच्या तयारीने गेला होता. पण त्या घटनेने पर्यटक व्हिसाचा प्रश्न पुन्हा समोर आणला.

‘माणसे नको, पैसे पाठवा’ हा टीकाकारांचा आवडता सल्लाही भारतात सरळ लागू होत नाही. परदेशी देणगी नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीकडे वळवणे बंद झाले, आणि ही रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच जमा व्हावी लागते. मुलांसाठी काम करणाऱ्या ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ने त्याआधीच, २०१७ मध्ये, भारतातले काम बंद केले होते. हे निर्बंध योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे. पण पाहुण्याऐवजी धनादेश हा पर्याय प्रत्येक देशात हाताशी असतोच असे नाही.

यजमानांचे म्हणणे

वर जेवढे अभ्यास आले, त्यांतले बहुतेक जाणाऱ्यांविषयीचे आहेत. पैसा, संशोधक, विद्यापीठे, उत्तर देणारे, सारे त्याच बाजूला. यजमानांना कोणी विचारले तर बहुधा पाहुण्यांसमोर, दुभाष्यामार्फत आणि पुढच्या देणगीच्या छायेत. अशा वेळी ‘तुम्ही येऊ नका’ कोण म्हणेल?

अपवाद आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत. प्रीस्ट यांनी पेरूची राजधानी लिमा इथल्या पाळकांकडे चौकशी केली तेव्हा टीकाकारांना अनपेक्षित असे काही हाती लागले. कॅथलिक बहुसंख्य समाजात इव्हँजेलिकल मंडळी अल्पसंख्य; शाळेत, तुरुंगात, नगरपालिकेत त्यांना सहज दार उघडत नाही. परदेशी तुकडी बरोबर असली की उघडते. संगणक देणारी, दात तपासणारी अमेरिकन माणसे आणणारा पाळक म्हणजे मुख्याध्यापकाच्या दृष्टीने ओळख ठेवण्याजोगा माणूस. तुकडी परत जाते, ओळख मागे राहते. म्हणजे लिमाचे पाळक पाहुण्यांना मदतनीस म्हणून वापरत नव्हते, वजन म्हणून वापरत होते, आणि ते त्यांना चांगले जमत होते. हतबल यजमान हे टीकाकारांनी रंगवलेले चित्र इथे पुरे पडत नाही.

उलट बाजूची साक्षही आहे. मिशनच्या अभ्यासक मिरियम अडेनी यांनी एका आफ्रिकन ख्रिस्ती माणसाकडून ऐकलेली गोष्ट पुढे आणली. हत्ती आणि उंदीर मित्र होते. नाचाच्या कार्यक्रमात हत्ती इतका रंगला, की उंदीर पायाखाली कधी आला हे त्याला कळलेच नाही. मैत्री खरी होती, हे त्या गोष्टीत कोणी नाकारत नाही.

काय बदलले, काय उरले

टीकेचा परिणाम झालेला आहे. २००३ मध्ये अमेरिकेत ‘स्टँडर्ड्स ऑफ एक्सलन्स’ या नावाने सात निकषांची संहिता तयार झाली. यजमानांबरोबरची भागीदारी, आधीचे प्रशिक्षण आणि परतल्यानंतरचा पाठपुरावा यांवर तिचा भर आहे. ती स्वीकारणे ऐच्छिक आहे. अनेक चर्च आता दरवर्षी नवा देश न निवडता एकाच गावाशी नाते ठेवतात. काहींनी बांधकाम सोडून ‘शिकायला आलो’ अशी भूमिका घेतली आहे, म्हणजे इलिच यांच्या सांगण्याच्या जवळ जाणारी. लहान मुलांबरोबर काढलेल्या सेल्फींवर आता खुद्द तयारीवर्गांतच टीका होते. पूर्व आफ्रिकेत काम करून आलेल्या दोन तरुणींनी २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवर बार्बी बाहुली घेऊन या हौसेची जी टर उडवली, तिचा यात वाटा आहे.

तरी मूळ प्रश्न सुटलेले नाहीत. पैशाचा प्रश्न सर्वांत अवघड: दौरे थांबवले तर तो पैसा गरिबांकडे जाईल की उपनगरातच राहील, हे तपासण्याची पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. प्रचार आणि सेवा यांच्या नात्याचा प्रश्नही तसाच आहे. विहीर खणायला आलेल्याने साक्ष द्यावी का, आणि ज्याला पाणी हवे आहे तो ती ऐकायला कितपत मोकळा असतो? इव्हँजेलिकल मंडळी दोन्ही वेगळे करायला तयार नाहीत. मानवी हक्कांच्या दृष्टीने पाहणारे एकत्र ठेवायला तयार नाहीत. इथे तडजोड कोणती हे मला तरी दिसत नाही.

आणि सारी चर्चा गोरा अमेरिकन पाहुणा गृहीत धरून झालेली आहे. आता कोरियातून तुकड्या निघतात, ब्राझीलमधून निघतात. भारतातल्या मंडळींतले तरुणही सुटीत दुसऱ्या राज्यात किंवा नेपाळात जातात. विमानभाडे कमी, भाषा कधी जवळची, पासपोर्टाचे वजन वेगळे. सहा वेळा रंगवलेल्या चर्चवरून किंवा होंडुरासच्या घरांवरून काढलेले निष्कर्ष या प्रवाशांना किती लागू पडतात, हे सांगण्याजोगी मोजणी आतापर्यंतच्या अभ्यासांत जवळपास नाही.